तिसरी ओळ, चौथा रकाना

स्वतःच्या तब्येतीविषयी संगणकाइतकं बोलणारं दुसरं कोणी माझ्या माहितीत नाही, आणि माझ्या माहितीत निवृत्त मंडळी बरीच आहेत. विचारायचा अवकाश. मेमरी किती भरली, डिस्कवर किती वेळा लिहिलं, प्रोसेसर किती वेळ राबला आणि किती वेळ नुसता बसून होता, नेटवर्कवरून किती बाइट आले, किती गेले, किती वाटेत सांडले, सगळा हिशेब तोंडपाठ. 'फ्री' म्हणा, 'व्हीएमस्टॅट' म्हणा, 'आयओस्टॅट' म्हणा, आकड्यांचे रकाने पडद्यावर हजर. 'टॉप' नावाचा प्रोग्राम तर १९८४ सालापासून हेच करतो आहे. कोण किती खातंय याची यादी तो दाखवतो आणि त्या यादीत स्वतःचंही नाव प्रामाणिकपणे घालतो.

हे रकाने डोळ्यांसाठी मांडलेले असतात. आकडे उजवीकडे सरकवून एकाखाली एक लावलेले, वर लहानशी शीर्षकं, मधे ऐसपैस मोकळी जागा. रात्री दोनला फोन आल्यामुळे उठलेल्या माणसालाही अर्धवट झोपेत वाचता यावेत असे. तो माणूस बघतो, "बरं आहे की" म्हणतो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्याच्या मनात येतं, आपण कशाला उठायचं? एक स्क्रिप्ट लिहू, ती दर मिनिटाला हे वाचेल आणि काही बिनसलं तरच आपल्याला उठवेल. इथून पुढे त्या रकान्यांचा वाचक बदलतो. रकान्यांना मात्र हे कोणी कळवत नाही.

युनिक्सच्या घराण्यात या उद्योगाला वडीलधाऱ्यांचा आशीर्वादच आहे. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून युनिक्समध्ये पाइप आला आणि एका प्रोग्रामचं बोलणं थेट दुसऱ्याच्या कानात पडू लागलं. तुमचं आउटपुट उद्या एखादा अजून जन्मालाही न आलेला प्रोग्राम वाचणार आहे असं धरून चाला, उगाच पाल्हाळ लावू नका, असं १९७८ मध्ये त्यांनी लिहूनही ठेवलं. सल्ला सोन्यासारखा. पण शीर्षकं, टक्क्यांची चिन्हं आणि कंसातलं 'म्हणजे सुमारे इतके जीबी' हे सगळं काढायला कोणी धजलं नाही. पडद्यासमोर बसलेला माणूस तक्रार करू शकतो, जन्माला न आलेला प्रोग्राम करू शकत नाही.

म्हणून मग 'ऑक'. हे अवजार एक ओळ हातात घेतं, मोकळी जागा दिसेल तिथे तिचे तुकडे पाडतं आणि विचारतं, कितवा हवा? आमच्या धंद्यातली निम्मी माणसं या प्रश्नाच्या उत्तरावर पोट भरतात. दुसऱ्या ओळीतला सातवा. शेवटून दुसरा. तिसऱ्या ओळीतला चौथा.

या तिसऱ्या ओळीतल्या चौथ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. लिनक्स रिकामी मेमरी रिकामी पडू देत नाही. डिस्कवरच्या फायलींच्या प्रती तिथे ठेवतो आणि कोणाला जागा लागली की त्या टाकून देतो. त्यामुळे 'फ्री'च्या दुसऱ्या ओळीतला मोकळ्या मेमरीचा आकडा कायम भयानक लहान दिसतो. तो पाहून नवशिके घाबरायचे आणि जाणते तिसऱ्या ओळीकडे बोट दाखवायचे. त्या ओळीचं नाव मोठं विचित्र होतं, वजा-अधिक बफर्स-कॅशे, पण या प्रती वजा करून खरी मोकळी मेमरी किती ते ती सांगायची. चौथी ओळ स्वॅपची, म्हणजे मेमरी अपुरी पडली तर डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेची. तेव्हा जगभरच्या स्क्रिप्टांनी पाठ केलं: तिसरी ओळ, चौथा रकाना.

२०१४ मध्ये सुधारणा झाली, आणि ती खरोखरच चांगली होती. नव्या प्रोग्रामाला खरंच किती मेमरी मिळू शकेल याचा अंदाज कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ३.१४ या आवृत्तीपासून स्वतःच देऊ लागला. त्याच वर्षी 'फ्री'च्या नव्या आवृत्तीनं 'अव्हेलेबल' हा रकाना दुसऱ्या ओळीच्या शेवटी घातला आणि ती विचित्र नावाची ओळ काढून टाकली. ओळ गेल्यावर खालची वर सरकली. आता तिसरी ओळ स्वॅपची, आणि तिच्यातला चौथा तुकडा म्हणजे मोकळं स्वॅप.

स्क्रिप्टला त्याचं काय! तिसरी ओळ आहे, चौथा तुकडा आहे, तो आकडाच आहे आणि चांगला सात आकडी आहे. मेमरी गळ्यापर्यंत आली तरी स्वॅपला कोणी हात लावलेला नसेल तर स्क्रिप्ट म्हणणार, आनंदीआनंद. आणि ज्या सर्व्हरवर स्वॅप ठेवलेलंच नाही तिथे आकडा शून्य. तिथे ती रात्रभर ठणाणा करणार की मेमरी संपली, आणि सर्व्हर बिचारा निवांत. चूक म्हणावी तर कुठेच नाही. 'फ्री'नं खरं सांगितलं, 'ऑक'नं सांगितलेला तुकडा दिला, स्क्रिप्टनं सांगितलेलं काम केलं.

नेटवर्कचे पत्ते दाखवणाऱ्या 'आयएफकॉन्फिग'नंही असाच वेश बदलला. पूर्वी तो पत्त्याआधी 'आयनेट ॲडर' लिहून विसर्गासारखी दोन टिंबं द्यायचा. नव्या आवृत्तीनं 'ॲडर'ही उडवलं आणि टिंबंही. ती टिंबं धरून ओळ कापणाऱ्या स्क्रिप्टांच्या हाती पत्त्याऐवजी रिकामी ओळ आली. हे मला 'फ्री'पेक्षा सभ्य वाटतं. रिकामी ओळ निदान रिकामी दिसते.

'सार'ची तऱ्हा आणखी वेगळी. तो दिवसभराच्या नोंदी देतो, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ. सर्व्हरची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर वेळेपुढे 'एएम' किंवा 'पीएम' लागतं आणि तो एक तुकडा वाढतो. चोवीस ताशी घड्याळाच्या सर्व्हरवर तो नसतो. एकच स्क्रिप्ट एका यंत्रावर प्रोसेसरचा रिकामा वेळ मोजते आणि शेजारच्या यंत्रावर त्याच्या बाजूचंच काहीतरी. जर्मन भाषेच्या यंत्रावर दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो. आपण त्यात मागे कसे राहू? संख्या भारतीय पद्धतीनं मोकळी मांडायला सांगितली की साडेबारा लाख '१२,५०,०००' असे येतात, आणि स्वल्पविरामावर तोडणाऱ्या सीएसव्हीत त्यांचे तीन तुकडे होतात: बारा, पन्नास आणि शून्य. म्हणून जुनी मंडळी कुठलीही स्क्रिप्ट लिहिण्याआधी यंत्राची भाषा 'सी' करून टाकतात. या भाषेत बोलणारा माणूस पृथ्वीवर एकही नाही आणि म्हणूनच ती यंत्रांना चालते.

इतकं ऐकल्यावर कोणीही म्हणेल, मग जागेवर भरवसा ठेवताच कशाला? पण जागा नीट सांभाळली तर तीही वर्षानुवर्षं टिकते. लिनक्सच्या 'प्रॉक'मध्ये 'स्टॅट' नावाची एक फाइल आहे. पहिली ओळ 'सीपीयू' या अक्षरांनी सुरू होते आणि पुढे नुसते आकडे. शीर्षक नाही, एकक नाही. पंगतीतलं पान वाढण्याची हीच पद्धत. मीठ वर मध्यावर, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. कशावरही चिठ्ठी नसते, तरी चटणी समजून कोणी भाजी उचलत नाही. इथे पहिला आकडा साध्या प्रोग्रामांच्या वेळेचा, दुसरा कमी अग्रक्रमाच्या प्रोग्रामांचा, तिसरा कर्नलचा, चौथा रिकामपणाचा. सुरुवातीला पान एवढंच होतं. कर्नल २.५.४१ मध्ये डिस्कची वाट पाहण्यातला वेळ आला, २.६ मध्ये इंटरप्टचे दोन आकडे, २.६.११ मध्ये आभासी यंत्राच्या वाट्याचा पण दुसऱ्यानंच पळवलेला वेळ, २.६.२४ मध्ये पाहुण्या यंत्रांना दिलेला आणि २.६.३३ मध्ये त्यातल्याच कमी अग्रक्रमाच्या पाहुण्यांचा. चाराचे दहा पदार्थ झाले, पण नवा पदार्थ नेहमी शेवटी वाढला. चटणी जागची हलली नाही. गोची एकच. पाहुण्यांचा वेळ पहिल्या दोन आकड्यांत आधीच धरलेला असतो. जो उत्साहानं दहाही आकड्यांची बेरीज करतो तो पाहुण्यांना दोनदा वाढतो.

प्रत्येक प्रोसेसच्या 'स्टॅट' फायलीतही हीच पद्धत आहे, पण तिथे दुसऱ्या जागेवर प्रोसेसचं नाव कंसात येतं. नाव ठेवण्यावर जगात कोणाचाही ताबा नसतो. नावात मोकळी जागा घातली की पुढचे सगळे तुकडे एकेक घर सरकतात. मग हुशार लोकांनी ठरवलं, उघडणाऱ्या कंसापासून मिटणाऱ्या कंसापर्यंत नाव. त्यावर त्यांच्याहून हुशार कोणीतरी नावातच मिटणारा कंस घातला. आता जाणते लोक ओळ उजवीकडून वाचत येतात आणि भेटलेला पहिला मिटता कंस नावाचा शेवट मानतात. उपाय अगदी बरोबर आहे, पण नव्या माणसाला समजावून सांगताना आपल्यालाच कसंतरी वाटतं.

असंच एकदा सांगत असताना आमच्या विभागातला नवा मुलगा म्हणाला, "मॅडम, पण हे सगळं जेसनमध्ये का घेत नाही?"

"घेऊ की," मी म्हणाले. "कोण देतंय?"

"आता सगळेच देतात. 'आयपी'ला डॅश जे लावा. 'एलएसबीएलके'ला मोठा जे. 'आयओस्टॅट'ला तर नुसतं जेसन म्हणून सांगा."

खरंच होतं त्याचं. त्याच्या जन्माच्या आसपास आम्ही एक्सएमएलच्या मागे होतो. १९९८ मध्ये ते आलं तेव्हा आता जगातले सगळे गैरसमज मिटणार असं वाटत होतं. दोन आकड्यांभोवती दहा ओळींची वेष्टणं यायची, पण गैरसमज मिटणार तर थोडं सोसायला हवं, असा एकूण भाव. मग जेसन आलं आणि एक्सएमएलवाले हळूहळू विषय बदलायला शिकले. फ्रीबीएसडीनं २०१६ च्या अकराव्या आवृत्तीत फार सुरेख मार्ग काढला. जुनिपर नेटवर्क्समध्ये लिहिलेली 'लिबएक्सओ' ही लायब्ररी त्यांनी 'डीएफ', 'नेटस्टॅट' अशा कितीतरी जुन्या कमांडांत बसवली. प्रोग्राम एकदाच सांगतो की अमुक नावाचा अमुक आकडा आहे. डोळ्यांना रकाने हवे असतील तर रकाने, यंत्राला एक्सएमएल वा जेसन, आणि ब्राउझरला हवं तर एचटीएमएल. दोन्ही वाचकांची पंगत एकदम बसते आणि कोणी कोणाच्या पानात हात घालत नाही.

जेसनचा मोठा गुण म्हणजे प्रत्येक आकड्याला नाव असतं. 'फ्री'ची ती तिसरी ओळ जेसनमध्ये असती तर २०१४ मध्ये स्क्रिप्टनं नाव शोधलं असतं, नाव मिळालं नसतं आणि ती तिथेच हातपाय गाळून बसली असती. एवढं एक लक्षण असलं तर बाकीचं मी पुष्कळ सोसायला तयार आहे. आउटपुट बदलणार हे ठरलेलंच आहे. बदलल्यावर वाचणारा प्रोग्राम गुमान चुकीचा आकडा पुढे ढकलतो की हाक मारतो, मला एवढंच बघायचं असतं.

पण जेसनचा जन्म कागदपत्रांच्या घरातला. त्याला सुरुवात लागते आणि शेवट लागतो. 'व्हीएमस्टॅट'ला दर सेकंदाला आकडे द्यायला सांगितलं की त्याला शेवटच नसतो. चौकटी कंस उघडला, एक नोंद, स्वल्पविराम, दुसरी नोंद, स्वल्पविराम, आणि तो मिटणारा कंस कधी येणार तर सर्व्हर बंद होईल तेव्हा. मध्येच कोणी प्रोग्राम मारला तर कंस उघडाच राहतो आणि कडक वाचक म्हणतो, हे जेसनच नाही, मी काहीच वाचत नाही. आठवडाभराच्या आकड्यांवर एका कंसासाठी पाणी. म्हणून आता प्रत्येक ओळीत एक स्वतंत्र, पूर्ण जेसन लिहायची रीत पडली आहे. शेवटची ओळ तुटली तर ती सोडा, बाकीच्या शाबूत.

दुसरी गंमत मोठ्या आकड्यांची. कर्नलचे मोजणारे काटे ६४ बिटांचे, पण जेसन वाचणारे पुष्कळ प्रोग्राम, त्यांत ब्राउझरही आला, प्रत्येक संख्या दशांशवाली मानून साठवतात. ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे त्यांना प्रत्येक पूर्णांक वेगळा ओळखता येत नाही. हा आकडा कोणाला गाठायचाय असं वाटेल, पण १० गिगाबिटची नेटवर्कची वाट पूर्ण वेगानं भरून वाहिली तर बाइटचा काटा साधारण ८३ दिवसांत तिथे पोहोचतो. त्यानंतर शेवटचा अंक नुसताच शोभेचा.

अर्थात ३२ बिटांचे दिवस पाहिलेल्यांना याचं हसू येईल. नेटवर्कच्या उपकरणांची चौकशी करणारी एसएनएमपी ही पद्धत १९८८ पासूनची. तिचा जुना काटा ४,२९,४९,६७,२९५ बाइट झाले की पुन्हा शून्यावर यायचा. एक गिगाबिटच्या वाटेवर हे ३४ सेकंदांत घडतं. दर मिनिटाला चौकशी करणाऱ्याला काटा एकदा फिरला की दोनदा, हे कळायचा मार्गच नव्हता. या पद्धतीतला प्रत्येक आकडा नावानिशी, प्रकारानिशी, आंतरराष्ट्रीय मानकांनुसार बांधलेला होता. बांधणीत खोट काढायला जागा नाही. आत काय आहे, तेवढंच सांगता येत नव्हतं.

नावांचीही मर्यादा इथेच लागते. 'व्हीएमस्टॅट'ची पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी सांगते आणि पुढच्या ओळी गेल्या काही सेकंदांचं. रकाने तेच, नावं तीच. मेमरीच्या आकड्यांपुढे 'केबी' लिहिलेलं असतं, ते हजाराचे नसून १०२४ चे. आणि सर्व्हरवरचा भार सांगणारे तीन प्रसिद्ध आकडे बहुतेक युनिक्सांवर त्याच नावानं, त्याच क्रमानं छापले जातात: एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे. पण १९९३ पासून लिनक्स त्यात डिस्कसाठी अडकून पडलेल्यांनाही धरतो, फक्त प्रोसेसरच्या रांगेत उभे असलेल्यांना नव्हे. एखाद्यानं लिनक्सचा आणि बीएसडीचा भार सुंदर जेसनमध्ये घेऊन शेजारी शेजारी आलेख काढला तर जेसनला त्यात काही गैर दिसणार नाही.

माझी स्वतःची आवड अगदीच अळणी आहे. एक ओळ, एक गोष्ट. सोलारिसमध्ये 'केस्टॅट'ला डॅश पी दिलं की तो विभाग, क्रमांक, नाव आणि आकड्याचं नाव टिंबांनी जोडून लिहितो, एक टॅब देतो आणि पुढे मूल्य. कंस नाहीत, मिटायचं काही नाही. ग्रेप लावा, डोळ्यांनी वाचा, अर्धी फाइल उंदरानं खाल्ली तरी उरलेली उपयोगी. २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये सुरू झालेल्या प्रोमिथिअसनं हेच वळण घेतलं आणि त्यात शहाणपणाची भर घातली. एकक नावातच. मेमरी असेल तर नावाच्या शेवटी बाइट, वेळ असेल तर सेकंद, वाढतच जाणारा काटा असेल तर टोटल. नावं लांबलचक होतात, पण केबी म्हणजे हजार की १०२४ हा वाद तरी मिटतो. लिनक्सच्या 'सिसएफएस'चा नियम याहून कडक आहे, शक्यतो एका फायलीत एकच मूल्य. तत्त्व म्हणून वंदनीय. शंभर आकड्यांसाठी शंभर फायली उघडेपर्यंत पहिला शिळा होतो, इतकंच.

२०१८ मध्ये प्रोमिथिअसच्या त्या एककांच्या नियमासाठी यंत्राचे आकडे पुरवणाऱ्या 'नोड एक्स्पोर्टर'नं आपली बरीच नावं बदलली. अद्ययावत केलेल्या सर्व्हरांचे आलेख रिकामे झाले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चौकटींमागून चौकटी, आत काहीच नाही. लोक भयंकर चिडले. मला मात्र ते दृश्य, खरं सांगायचं तर, फार आवडलं. मेमरीच्या जागी कोणी गुपचूप स्वॅप दाखवत नव्हतं. नाव सापडलं नाही म्हणून जागा कोरी. (धोक्याची घंटा मात्र अशा वेळी आपण होऊन वाजत नाही, आकडाच नाही तर मर्यादा ओलांडणार कोण? त्यासाठी 'हा आकडा गैरहजर आहे का' असं वेगळं विचारावं लागतं. विचारणारे थोडेच.)

कर्नलवाल्यांनी मात्र असं नामांतर कधीच खपवून घेतलं नाही. आपल्यामुळे चालता प्रोग्राम मोडला तर चूक आपली, हा लायनस टॉरवाल्ड्स यांचा दंडक. २०११ मध्ये लिनक्स २.६ वरून ३.० वर गेला, आणि आवृत्ती '२.६'नं सुरू होणार असं गृहीत धरणारे प्रोग्राम अडखळले. तेव्हा कर्नलमध्ये एक खास सोय आली. अशा प्रोग्रामाला कर्नल आपलं खरं वय सांगत नाही, २.६.४० आणि पुढचंच काहीतरी सांगतो. वय लपवायची सोय आजही उपलब्ध आहे.

आणि बोगोमिप्सची हकिकत तर सांगायलाच हवी. सुरू होताना कर्नल थोडा वेळ नुसता गरगर फिरून पाहतो, आपण सेकंदात किती फिरतो याचा अदमास घेतो आणि तो आकडा प्रोसेसरच्या माहितीच्या फायलीत नावानिशी छापतो. हा आकडा वेग मोजायच्या लायकीचा नाही, हे टॉरवाल्ड्स यांनी नावातच सांगून ठेवलेलं. एआरएम प्रोसेसरांवर तर घड्याळ वेगळ्या तऱ्हेनं वापरायला लागल्यावर त्याला उरलासुरला अर्थही राहिला नाही. म्हणून २०१३ मध्ये तिथून तो काढला. काही प्रोग्राम तो आकडा वाचत होते. त्यांना नाव सापडलं नाही, ते अडले, आणि लोकांनी तक्रार केली. जानेवारी २०१५ मध्ये ओळ परत आली. कशाचंच नसलेलं हे माप ती तेव्हापासून पुन्हा छापते आहे, दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत अचूक.